हात हलवत

ओटिली विचारते, काय मिळालं?
मी पायरीवर बूट उलटे करून वाळू ओततो.
खाणीतली नव्हे, ती सुटली सहा वर्षांपूर्वी.
ही किनाऱ्यावरची, ओली, मिठाने जड.
बादलीत डोकावून ती म्हणते,
म्हणजे हात हलवतच आलास.

खरंय. हलतायत.
कप बशीवर वाजतोय, चहा सांडतोय,
दोन्ही हातांनी धरला तरी.

कॉबचं मला कळतं.
साडेतीन किलोचा एक लागला की रात्रीचं भागतं,
उद्याचं सूप होतं,
डोकं पलीकडच्या म्हाताऱ्या फ्राऊ गाइंगोसला.
गालयूनसाठी फेसात उभं राहायचं,
शिंपल्यातलं मांस दोऱ्याने गळाला गुंडाळायचं,
तो टकटक करतो दार वाजवल्यासारखा
आणि बोटाच्या पेराला कळतं, हं, आता.
स्टीनब्रास म्हणजे उसने मागायला आलेला पाहुणा:
आधी हवापाण्याच्या गोष्टी,
मग हळूच मुद्द्यावर.
हे सगळं मला बाजारहाटासारखं आवडतं.
थोडी घासाघीस, पिशवीला वजन,
ऊन चढायच्या आत घरी.

शार्कला घासाघीस ठाऊक नाही.

माझ्या मुठीएवढं बांगड्याचं मुंडकं,
पोलादी तार, टोक आत वळलेला गळ,
आणि चार तास काहीच नाही.
धुकं वाळवंटापर्यंत जाऊन परत आलं.
एक कोल्हा गाडीच्या सावलीत बसून राहिला,
आमच्यापेक्षा त्याला जास्त आशा.
मिठागरातली पाळी संपवून आलेला एलागो
वाळूवर झोपला, तोंडावर टोपी.
काठी पायपात उभी. मी उगाच दोरीला बोट लावून पाहायचो.
पलीकडे नुसता समुद्र.

मग रीळ किंचाळलं.

पुढचं सांगता येत नाही नीट.
मी त्याला ओढत होतो असं लोक म्हणतील.
त्यानेच मला दक्षिणेला फिरायला नेलं,
गाडी मागे राहिली, कोल्हा मागे राहिला,
मेलेल्या सीलच्या बाजूने, दीड किलोमीटर,
कमरेचा पट्टा बेंबीत रुतलेला,
एलागो माझ्यामागे पाण्याची बाटली घेऊन
नवरदेवाच्या करवलीसारखा.
तो थांबला की मी थांबायचो.
मी श्वास घेतला की तो निघायचा.

तीस वर्षं मी खाणीत ट्रक चालवला, ओटिली.
चाक माझ्या डोक्यावरून दीड हात उंच,
एवढा डोंगर मागे लादून वर यायचो
दोन बोटांनी.
इतकं वजन वाहिलं, पण कशाने म्हणून
मला उलटं ओढलं नव्हतं.

एलागो कमरेएवढ्या पाण्यात गेला, शेपटी धरली.
तांब्याच्या हंड्यावर सकाळचं ऊन पडावं
तसा रंग, मग ढग आला आणि नुसता राखाडी.
दोन मीटर तीस. टेप ओली, आकडे पुसट,
तीसच म्हणू या.
पकडीने गळ काढला.
अंगावर हात ठेवला: एका बाजूने रेशीम,
उलट फिरवला तर पॉलिश पेपर.
तोंड लाटेकडे करून धरलं,
तो माझ्या हातात पडून राहिला
लाट आली, गेली, आली,
आणि मग हातात तो नव्हताच.

जबड्याच्या कोपऱ्यात भोक राहिलं,
हे मी ओटिलीला सांगत नाही.
कशासाठी केलं, तेही विचारू नये तिने.
कॉबला निदान उत्तर असतं, तव्यावर.

ती पिल्चर्डचा डबा पुढे सरकवते,
उघड म्हणते.
मी कडीत बोट घालतो, बोट थरथरतं, निसटतं.
तीच उघडते मग. तेल बशीत ओतते,
पाव कापते, कांदा कापते,
माझं एलागोबद्दलचं, कोल्ह्याबद्दलचं,
पुन्हा त्या दक्षिणेच्या चालण्याबद्दलचं
बोलणं ऐकत.

कॉबच्या दिवशी, ती म्हणते,
तू बादली ठेवतोस
आणि झोपतोस.